‘वोट बँक’ कोणाची?

निवडणूक आली की सीमाभागातील मराठी मतदाराला ‘वोट बँक’ हे बिरूद चिकटविले जाते. हा शब्द रूढ केला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी, 1955 साली, म्हैसूर राज्यातील एका खेड्यावरील निबंधात. त्यांचा रोख मतदारावर नव्हता. आश्रितांची मते उमेदवाराच्या पदरात टाकणाऱ्या गावच्या मातब्बरांवर होता. पुढे दलाल सुटला आणि डाग मतदाराच्या कपाळी आला!

बँक म्हटली की तिजोरी आली, किल्ली बाळगणारा आला. बेळगाव-खानापूरच्या मतदाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? 1957 पासून त्याने कित्येकदा समितीचे उमेदवार विधानसभेत धाडले. 2018 व 2023 साली मात्र समितीला एकही जागा दिली नाही. हा पराभव आम्हांला झोंबला, हे आम्ही लपवीत नाही. पण किल्ली समितीकडे असती, तर तिजोरी अशी रिकामी निघाली असती काय?

आपला ‘एकगठ्ठा मते’ हा शब्दही काही गोड नाही; परंतु गठ्ठा मतदारांनी आपखुशीने बांधला असेल, एवढी शक्यता तो शिल्लक ठेवतो. इंग्रजी शब्द तीही ठेवीत नाही. यापुढे सभेत कोणी तो उच्चारला, तर श्रोत्यांनी उभे राहून दलालाचे नाव विचारावे.