आश्वासनांनाही हवा एक नाका

निवडणूक म्हटलं की हल्ली बायकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘सगळे सारखेच!’ आमच्या कनेरगाव नाक्याला बचत गटाची बैठक असो की हळदीकुंकू, लोकसभेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘ताई, कोणी बी येऊ द्या, चूल आपल्यालाच फुंकायची हाय.’ त्यात राग कमी आणि कंटाळाच जास्त. आणि मैत्रिणींनो, हा कंटाळा काही उगाच आलेला नाही.

जरा आठवून पाहा. २००४ च्या विधानसभेच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज मिळाली, निवडणूक सरली आणि २००५ मध्ये ती बंद झाली. गरज सरो नि वैद्य मरो! २००९ च्या लोकसभेआधी, फेब्रुवारी २००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली. केवढा गाजावाजा! पण पूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच. आमच्या कोरडवाहू भागात सात एकरवाल्याच्या हाती तरी काय उरतं? त्याला मिळाली थोडी सवलत, तीही उरलेली रक्कम भरली तरच.

२०२४ च्या लोकसभेला कुणी गरीब घरातल्या बाईला वर्षाला एक लाख देणार होतं, तर कुणी तीन कोटी ‘लखपती दीदी’ घडवणार होतं. त्याच वर्षी विधानसभेला लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करण्याचा शब्द मिळाला. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ते वाढीव पैसे काही आले नाहीत. लाभार्थींची छाननी मात्र सुरू झाली.

बरं, खर्च बघावा तर डोळे फिरतात. २०२४ मध्ये लोकसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा होती. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नव्हती! देणगीदारांची नावं झाकणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले, तेव्हा कुठे ती नावं बाहेर आली.

पण ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकले, तर सोय कुणाची होते? ज्यांना प्रश्न नको असतात त्यांचीच. शिवाय याच वाक्याच्या पाठीमागून दुसरं येतं, ‘मग पाचशेची नोट का सोडायची?’ नोट घेणं हाही गुन्हा आहेच, पण घरखर्चाचाच हिशेब करा. पाच वर्षांत त्या नोटेचे रोजचे पडतात सत्तावीस पैसे!

आमचं गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो तिथलं. निवडणुकीत जिल्ह्यांच्या सीमांवर पथकं गाड्या थांबवून रोकड तपासतात. आश्वासनं मात्र बिनतपासणीची थेट घरात शिरतात. त्यांचा नाका आपणच व्हायला हवं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी भर घातली. आश्वासनासाठी पैसा कसा उभारणार, हे पक्षाने ढोबळमानाने तरी सांगावं, असं त्यात आहे. म्हणजे विचारणं हा आगाऊपणा नाही.

दारात प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तीनच प्रश्न विचारा: कोणाला देणार? कधीपासून देणार? पैसा कुठून आणणार? मिळालेलं उत्तर तारखेसह गटाच्या वहीत लिहा आणि जाहीरनामा रद्दीत न घालता त्याच वहीत ठेवा. निकालानंतर तीस दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. नाममात्र शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. चार जणी मिळून एकदा जाऊन तर बघा.

गटाचा शंभर रुपयांचा हप्ता चुकला, तर पुढच्या बैठकीत आपण नाव घेऊन विचारतो. मग खासदाराला विचारताना एवढी भीड कशासाठी?