मोबाइलमधलं लायसन्स चालतं, पण रेंज नसेल तर?

"माझं लायसन्स मोबाइलमधी टाकून दे बाबू, पाकीट नेहमी घरीच राहते," असं म्हणत काकांनी परवा फोन माझ्या हातात दिला. केशोरी ते अर्जुनी मोरगाव ही त्यांची नेहमीची दुचाकीवारी. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. गेला दीड तास. अडलं ते ॲपमुळे नाही, काकांच्या कागदपत्रांमुळे.

आधी कायद्याचं बघू. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ बदलला. तेव्हापासून लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही स्वरूपात दाखवता येतं. नियम केंद्राचा आहे, त्यामुळे पुढे छत्तीसगडमध्ये गेलात तरी तोच लागू. पण अट एकच: लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असावं. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे लायसन्स नव्हे.

कसं करायचं?

१. प्ले स्टोअरवरून डिजिलॉकर घ्या. मोबाइल नंबर, ओटीपी आणि सहा आकडी पिन टाकून खातं उघडा, मग आधार जोडा.
२. 'ड्रायव्हिंग लायसन्स' शोधा आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाचा पर्याय निवडा.
३. लायसन्स नंबर टाका, संमती द्या. गोंदियाचं लायसन्स एमएच ३५ ने सुरू होतं.
४. लायसन्स 'इश्यूड' विभागात दिसलं की काम झालं. स्वतः स्कॅन करून 'अपलोड' केलेल्या प्रतीला तो दर्जा नाही.

आमचं कुठे अडलं?

पहिलं म्हणजे ओटीपी. आधारला जोडलेला काकांचा नंबर कधीचाच बंद पडलेला. तो आधार केंद्रात जाऊन बदलावा लागला. दुसरं, नाव. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. नावं जुळली नाहीत की डिजिलॉकर लायसन्स देत नाही. अशा वेळी सारथी पोर्टलवर नाव दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

तिसरी अडचण जुन्या पुस्तकवाल्यांची. त्यांची नोंद संगणकावर नसेल तर ॲप काहीच दाखवणार नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचं लायसन्स असेल तर ते कोणत्या कार्यालयाने दिलंय ते आधी बघा आणि नोंद चढवायला तिथेच विचारा. केशोरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोंदिया उत्तरेला. उगाच एक चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

आता रेंजचं

आमच्याकडे जंगलाच्या रस्त्यावर रेंज जाते-येते. म्हणून घरून निघण्याआधीच ॲप उघडून लायसन्स दिसतंय का बघा, पीडीएफही उतरवून ठेवा. पोलिसांसमोर लॉगिन करायला बसलात आणि ओटीपीच आला नाही, तर नियम तुमच्या बाजूने असूनही दाखवायला हातात काही नसतं. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये आहे. खिशात लायसन्स असताना फक्त ते उघडत नाही म्हणून एवढी रक्कम कशाला धोक्यात घालायची?

आणखी एक. 'आरटीओ चलन' किंवा 'एमपरिवहन' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. अशा फाइलींमधून बँक खाती रिकामी झाली आहेत. सरकारी ॲप व्हॉट्सॲपवर फाइल होऊन येत नाही.

माझं मत विचाराल तर डिजिटल लायसन्स घ्याच, पण कार्ड फेकू नका. सरकारने कागद बाळगण्याचं ओझं कमी केलं खरं. पण आता नोंद बरोबर आहे की नाही हे बघायची जबाबदारी आपल्यावर आली. ते काम चौकात नाही, घरी बसून करायचं.

काकांचं लायसन्स अजून फोनमध्ये आलेलं नाही, नाव दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. तोवर कार्ड गाडीच्या चावीजवळच टांगून ठेवलंय.