मेलेली दाढ ठणकते तेव्हा

“डॉक्टर, नस मारली म्हणलात ना? मग मेलेली दाढ ठणकती कशी?”

अंबड तालुक्यातले एक मोसंबी बागायतदार जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात गाल धरून विचारत होते. त्यांच्या खालच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल चार महिन्यांपूर्वी मीच केलं होतं. तीन नळ्या सापडल्या, साफ केल्या, भरल्या, वर कॅप बसवली. पुस्तकात असतं तसंच सगळं केलं होतं. दाढ मात्र पुस्तकातली नव्हती.

पुन्हा एक्स-रे काढला, या वेळी जरा तिरका. मागच्या मुळाच्या आडून, जिभेच्या बाजूला, एक बारीक वाकडं मूळ डोकावलं. सरळ एक्स-रेत ही दोन मुळं एकावर एक पडतात आणि एकच दिसतात. त्या तिसऱ्या मुळातली नळी माझ्याकडून राहिली होती आणि जंतूंनी तिथंच मुक्काम ठोकला होता. कॅप कापली, दाढेचं छिद्र जिभेकडे वाढवलं, नळी सापडली. या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. चूक माझी होती.

हे जादा मूळ काही काल सापडलेलं नाही. व्हिएन्नाचे दंतवैद्य कॅराबेली यांच्या १८४४ साली छापलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. आपल्याकडे ते कमी आढळतं. पूर्व आशियातल्या काही पाहण्यांत मात्र साधारण पाचांतल्या एका माणसाला ते असतं. वरच्या पहिल्या दाढेचं तर उलटच आहे. तीन मुळं, म्हणून तीन नळ्या, असं धरून चालावं, तर निम्म्याहून अधिक दाढांत गालाकडच्या पुढच्या मुळात चौथी नळी निघते. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी सगळ्या नळ्या एकमेकींत मिसळून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एकच खाच होते. अशा खाचेचा कोपरान् कोपरा सुईसारख्या फाइलनं खरवडून निघत नाही, तिथं औषधी पाण्यानं पुन:पुन्हा धुवावंच लागतं.

मग नळ्या राहून का जातात? नजर कमी पडते, भिंगाचा सूक्ष्मदर्शक गावोगाव नाही, ही कारणं खरी आहेत. पण आमचे दर दाढेमागे ठरतात, वेळेमागे नाही. चौथी नळी शोधायला पाऊण तास गेला तरी बिल तेवढंच. शिवाय मोंढ्यातला हमाल रोज बुडवून आलेला असतो. “एका बैठकीत उरका, नाहीतर उपटून टाका,” हे त्याचं म्हणणं चुकीचं कसं म्हणू?

माझी तक्रार आमच्या मौनाबद्दल आहे. शंका आली तरी ती पेशंटला सांगायची नाही, अशी आमच्यात रीत पडली आहे. काही व्यवसायबंधू म्हणतात, “सांगितलं तर विश्वास उडतो, पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.” माझा अनुभव वेगळा आहे. त्या बागायतदारांना मी दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून चूक दाखवली. पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन आले. विश्वास उडतो तो न सांगता पुन्हा ठणका लागला की. मग माणूस म्हणतो, “रूट कॅनाल टिकतच नाही,” आणि वाचण्यासारखी दाढ उपटून घेतो. उरलेलं आयुष्य ज्वारीची भाकरी एकाच बाजूनं चावतो.

म्हणून आता कॅप बसवण्याआधी मी प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो: कोणती दाढ, किती नळ्या सापडल्या, कुठं शंका आहे, सोबत एक्स-रेची प्रत. माझ्या हातापलीकडचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला, रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, हीच चिठ्ठी घेऊन पाठवतो. साठेक किलोमीटरची खेप पडते, पण तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून चाचपडावं लागत नाही. प्रत्येक दंतवैद्यानं हे करायला हवं. खर्च एका कागदाचा आहे.

आणि तुम्हीही कॅप बसवून घेण्याआधी विचारा, “डॉक्टर, नळ्या किती सापडल्या?” या प्रश्नाचा राग आला, तर तो डॉक्टर बदला. मग तो मी असलो तरी.