शब्द नसलेल्या भोंग्याची बाजू

जपानमधल्या गावांवर संध्याकाळी जी सुरावट पसरते, तिच्याविषयी लिहिणाऱ्यांचे सरळसरळ दोन पक्ष पडतात. एका पक्षाला त्या सुरांत आपले हरवलेले बालपण सापडते आणि तो लगेच हळवा होतो. दुसऱ्या पक्षाच्या लेखी तो निव्वळ गोंगाट आहे. ज्याच्या त्याच्या खिशात घड्याळ असताना अख्ख्या गावाला एकच गाणे सक्तीने ऐकवण्याचे कारण काय, असा त्याचा सवाल असतो. हा सगळा वाद आवाज गोड आहे की कर्कश, एवढ्याच मुद्द्याभोवती घुटमळतो. प्रस्तुत लेखकाला खरा प्रश्न वेगळा वाटतो: गावाच्या डोक्यावर जो आवाज टांगून ठेवलेला आहे, त्याला काय काय बोलता येते? जुन्या यांत्रिक भोंग्याला जवळजवळ काहीच बोलता येत नव्हते. तोच त्याचा सर्वांत मोठा गुण होता, आणि नेमका तोच आपण गमावून बसलो आहोत.

सायरनची रचना मुळात साधी आहे. भोके पाडलेले चक्र वेगाने फिरते, हवेचा झोत क्षणोक्षणी तुटतो आणि पुन्हा जोडला जातो; ही तुटजोड जितकी जलद, तितका स्वर उंच. कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली या यंत्राला सायरन हे नाव दिले, ते ग्रीक पुराणातल्या जलकन्यांवरून, कारण ते पाण्याखालीही वाजत असे. विसाव्या शतकाने त्याला युद्धाच्या कामाला जुंपले. हवाई हल्ल्याच्या भोंग्यातली भीती नेमकी कशात असते? चक्राचा वेग वाढतो तसा स्वर घसरत वर चढतो, वेग मंदावतो तसा घसरत खाली येतो. त्या चढउतारातच ते काळीज चिरणारे विव्हळणे असते. १९५०च्या सुमारास हामामात्सु शहरातल्या निप्पॉन गाक्की, म्हणजे आजच्या यामाहा, या वाद्यनिर्मात्या कंपनीने याच यंत्राचा 'म्युझिक सायरन' केला. एकेका स्वरासाठी स्वतंत्र चक्र, चक्राचा वेग कायम. स्वर हवा तेव्हा हवेची झडप उघडायची, नको तेव्हा मिटायची. यंत्र तेच राहिले. त्यातले विव्हळणे तेवढे वजा झाले.

ही वजाबाकी कुठे झाली, हेही विसरता कामा नये. हामामात्सुवर १९४५ साली वारंवार बाँबहल्ले झाले आणि २९ जुलैच्या रात्री समुद्रातून युद्धनौकांच्या तोफांचाही मारा झाला. १८८७ साली ऑर्गनपासून सुरू झालेली ही कंपनी युद्धकाळात विमानांचे पंखे तयार करत होती. तेव्हा छपरावरच्या त्या सुरांना निरागस म्हणणे हा शुद्ध भाबडेपणा आहे. ते सूर ज्यांच्या कानांवर पडले, त्यांना भोंग्याचा दुसरा अर्थ पुरता ठाऊक होता. भीतीचे यंत्र हाती असताना त्याच्याकडून फक्त वेळ सांगण्याचे काम घेणे, हा संयमाचा प्रकार आहे आणि हळव्या आठवणींपेक्षा त्याचे मोल कितीतरी मोठे आहे.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस या यंत्राचे उत्पादन थांबले. बिघडलेला भोंगा दुरुस्त करणे अवघड होत गेले आणि गावोगावचे भोंगे एकेक करून बंद पडू लागले. आज संध्याकाळची सुरावट बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या आपत्ती-सूचना यंत्रणेतून येते. म्हणजे खांबांवर बसवलेल्या ध्वनिक्षेपकांतून. गाणी तीच आहेत: नाकामुरा उको यांचे १९१९चे शब्द आणि कुसाकावा शिन यांची १९२३ची चाल असलेले 'युयाके कोयाके', किंवा द्वोरझाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीतली, जपानने घरी परतण्याचे गाणे म्हणून आपलीशी केलेली धून. यंत्रणा ठीक चालते आहे की नाही याची रोजची चाचणी हाही त्या सुरावटीचा एक हेतू असतो. इथवर तक्रारीला जागा नाही. परंतु ध्वनिक्षेपकाला तोंड असते. सुरावट संपते न संपते तोच तो बोलू लागतो. मुलांनी आता घरी जावे. अमुक वयाचे गृहस्थ सकाळपासून बेपत्ता आहेत. फसवणुकीच्या दूरध्वनींपासून सावध राहावे. ऊन फार आहे, पाणी प्यावे. यातली प्रत्येक सूचना सुटी घेतली तर रास्त आहे, काही तर निकडीच्या आहेत. एकत्रितपणे मात्र त्या प्रजेला शाळकरी पोर समजणारी एक अखंड बडबड होऊन बसतात. ज्याच्या हाती काहीही बोलू शकणारे यंत्र येते, तो हळूहळू सर्व काही बोलू लागतो. त्यासाठी त्याच्या मनात दुष्टावा असण्याची गरज नसते.

नाकाजिमा योशिमिची या तत्त्वज्ञाने १९९६ साली याच बडबडीविरुद्ध एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा आशय मराठीत 'कलकलाटी जपानमधला मी' असा काहीसा होईल. कावाबातांनी १९६८ साली नोबेल स्वीकारताना 'सुंदर जपान' म्हटले होते, ओए यांनी १९९४ साली 'संदिग्ध जपान' म्हटले. नाकाजिमांनी त्या थोर परंपरेच्या शेपटाला स्थानकांवरचे, सरकत्या जिन्यांवरचे, रस्त्यांवरचे कर्णे बांधून टाकले. त्यांचा राग रास्त आहे. मात्र त्यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक सूर आणि सूचना यांना एकाच दावणीला बांधतात, तिथे त्यांची चूक होते. सूर ऐकणाऱ्याला मोकळे सोडतो: पाच वाजले, आता तुझे तू ठरव. सूचना त्याच्या वतीने ठरवूनच टाकते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ११ मार्च २०११चा आहे. मिनामिसानरिकु गावात नगरपालिकेची एक तरुण कर्मचारी त्सुनामीचा इशारा ध्वनिक्षेपकावरून देत राहिली आणि त्या पाण्यातच तिचा अंत झाला. तिने जिथून इशारा दिला, त्या इमारतीचा लाल पोलादी सांगाडा आजही उभा आहे. तिच्या आवाजाला बडबड म्हणण्याची कुणाची छाती होईल? माझी नाही. परंतु हा प्रसंग माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो. त्याच दिवशी इबाराकी प्रांतातल्या ओआराई गावाने नेहमीची आदबशीर सूचनेची भाषा टाकून दिली आणि थेट आज्ञार्थी क्रियापदात 'पळा' असे बजावले. भूकंपानंतर मियागी प्रांतासाठी पहिला अंदाज ६ मीटर लाटेचा होता, तो पुढे १० मीटरवर नेण्यात आला. त्या अनुभवानंतर हवामान संस्थेने २०१३ पासून प्रचंड भूकंपांच्या पहिल्या इशाऱ्यात आकड्याऐवजी 'महाकाय' हा शब्द वापरण्याचे ठरवले. १ जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपाच्या वेळी एनएचकेच्या निवेदिकेने अक्षरशः ओरडून लोकांना पळायला सांगितले. या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच होतो: नेहमीची सौम्य, शिष्ट सूचना संकटात पुरेना, म्हणून आवाजाला आपली रोजची भाषा मोडावी लागली. ती इतकी गुळगुळीत कशाने झाली, याचे एक उत्तर तरी त्या खांबांवर शोधले पाहिजे. जो आवाज वर्षभर पाणी प्यायला सांगतो, त्याला पाणी अंगावर येते तेव्हा किंचाळावे लागते.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. सूर तरी शब्दांवाचून कुठे असतो? ही गाणी मुलांना शाळेत शिकवली जातात. चाल वाजली की ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उमटतात, म्हणजे आज्ञा आतूनच होते. हे अंशतः खरे आहे. तरी मनात उमटणारा शब्द ज्याचा त्याचा असतो. तो विसरता येतो, बदलता येतो, त्याचे विडंबनही करता येते. खांबावरून आलेल्या वाक्याशी असले काही करता येत नाही.

मराठी वाचकाला हे सगळे दूरदेशीचे वाटू नये. 'भोंगा' या आपल्या शब्दाचा प्रवास पाहावा. गिरणगावात भोंगा म्हणजे गिरणीची पाळी सांगणारा आवाज. १९८२च्या संपानंतर त्या भोंग्यांची सद्दी संपत गेली. २०२२ साली महाराष्ट्रात भोंग्यांवरून राजकारण पेटले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ प्रार्थनास्थळावरचा ध्वनिक्षेपक असा झालेला होता. वस्तू बोलू लागली आणि शब्द मुकाट तिच्यामागे गेला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने मात्र उलट वाट धरली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायचे, असे गावाने ठरवले. भोंगा तिथे उपदेश करत नाही. काय करायचे ते गावाने आधीच बसून ठरवलेले असते.

म्हणून जपानी नगरपालिकांपुढची मागणी स्पष्ट असावी. पाच वाजता सूर वाजवा. यंत्रणेची चाचणीही तेवढ्याने होते. त्यानंतर गप्प राहा. माणसाचा आवाज लाट येईल, डोंगर खचेल, कुणी हरवेल अशा वेळेसाठी राखून ठेवा. बाकीच्या सूचनांना कागद पुरतो, फलक पुरतो आणि बहुतेक वेळा शेजारीही पुरतो. हामामात्सुच्या कारागिरांनी भोंग्यातले विव्हळणे काढून टाकले होते. त्यातला उपदेश काढून टाकणे त्याहून कठीण नाही. त्यासाठी नव्या यंत्राची नव्हे, बोलण्याची संधी हाती असताना न बोलण्याच्या सवयीची गरज आहे, आणि सत्तेला ती कधीच आपणहून लागत नाही. ती तिला लावावी लागते.