‘असें कां झालें?’

सोलापुरांतील एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. बऱ्याच वर्षांनीं घरांत पाळणा हललेला आहे आणि बारसें थाटानें झालेलें आहे. चारपांच महिने लोटतात, तरी मूल मान धरीत नाहीं. त्याची नजर एका जागीं ठरत नाहीं. श्वास कधीं भराभर चालतो, तर कधीं क्षणभर थांबल्यासारखा होतो. ‘आमच्याकडचीं मुलें उशिरांच मान धरतात,’ असें आजी म्हणते, आणि त्यांत तिचा हेतु धीर देण्याचाच असतो. पुढें एके दिवशीं मेंदूची एम. आर. आय. तपासणी होते आणि कोणीं कधीं न ऐकलेलें एक नांव घरांत येतें : ‘जूबेर सिंड्रोम’. आम्ही कोणा एका कुटुंबाविषयीं लिहीत नाहीं. पण अशीं घरें आहेत, आणि तेथील आईबापांस पडणारे प्रश्न सर्वत्र तेच असतात. हें काय आहे? असें कां झालें? आतां काय करावें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आज पुष्कळ अंशीं देतां येतें. डोक्याच्या मागील बाजूस जो लहान मेंदू असतो, त्याच्या दोन भागांच्या मध्यें एक पट्टा असतो. शरीराचा तोल आणि हालचालींतील मेळ या गोष्टी लहान मेंदूच्या स्वाधीन असतात. या विकारांत तो पट्टा गर्भावस्थेंतच अपुरा घडतो, कित्येकदां जवळजवळ नसतोच, आणि मेंदूच्या देठाची ठेवणहि बदलते. त्यामुळें तपासणीच्या चित्रांत त्या ठिकाणीं दाढेसारखी आकृति उमटते, व तीवरून तज्ज्ञ हा विकार ओळखतात. त्याचें पहिलें वर्णन १९६९ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें डॉ. मारी जूबेर या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें; एकाच घरच्या चार भावंडांत तो त्यांस आढळला होता. सुमारें ८०,००० ते १,००,००० जन्मांत असें एखादें मूल जन्मास येतें. तेव्हां गांवांतील चांगल्या डॉक्टरानेंहि पूर्वीं असा रोगी पाहिला नसेल, तर त्यांत नवल नाहीं.

दुसरा प्रश्न मात्र आईबापांची झोंप उडविणारा आहे, आणि त्याचीं उत्तरें देण्यास सारें घर व शेजार पुढें सरसावतो. ग्रहणांत भाजी चिरली होती; सातव्या महिन्यांत पंढरपूरचा प्रवास केला; दृष्ट लागली; डोहाळ्यांत अमुक खाल्लें नाहीं. या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान असते, ती ही कीं, अपराधी नेहमीं आईच ठरते.

शास्त्राचें उत्तर याहून निराळें आहे. शरीरांतील बहुतेक पेशींवर केसाहून कितीतरी सूक्ष्म अशीं रोमकें असतात. गर्भांत अवयवांची घडण होत असतां त्यांच्या द्वारें पेशींस संदेश मिळतात. हीं रोमकें घडविणाऱ्या जनुकांपैकीं चाळिसांच्या आसपास जनुकें अशीं आढळलीं आहेत कीं, त्यांतील एकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास हा विकार होतो. बहुधा एक सदोष प्रत आईकडून येते व एक बापाकडून. ज्याच्याजवळ एकच सदोष प्रत आहे, तो स्वतः ठणठणीत असतो. त्यास त्याची वार्ताहि नसते. म्हणजे आई अपराधी नाहीं आणि बापहि नाहीं. असे दोघे एकत्र आले असतां प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक इतका संभव असतो. एकास झालें म्हणजे पुढचीं तीन सुटलीं, असा हिशेब कित्येक घरांत मांडला जातो, तो चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस फांसा नव्यानें पडतो.

येथें आमच्या भागांतील एका चालीविषयीं बोलणें प्राप्त आहे. सोलापूर आणि त्यास लागून असलेल्या विजयपूर-कलबुर्गीच्या मुलुखांत मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, आणि देशस्थ घरांतहि ती चालत आली आहे. डॉ. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत दक्षिणेकडील अशा विवाहांचा विस्तारानें विचार केला आहे. आते-मामे भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा वारसा समान असतो. त्यामुळें एकच सदोष जनुक दोघांपाशीं असण्याचा संभव वाढतो. सर्वसाधारणपणें शेंकडा दोनतीन मुलांत कांहीं ना कांहीं मोठें जन्मजात व्यंग आढळतें. अशा विवाहांत तें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. याचा अर्थ असाहि आहे कीं, बहुतेक मुलें निकोपच होतात. म्हणून अशा जोडप्यांस दूषण देण्याचें कारण नाहीं, पण ही गोष्ट ठाऊक नसल्यासारखें वागणेंहि योग्य नाहीं.

कारण या दुखण्याचा लपंडाव घरांतील दुसऱ्याच माणसास बाधतो. ‘अजून वन्संचें लग्न व्हावयाचें आहे; बाहेर बोलूं नका,’ असें सुनेस बजाविलें जातें. बापापाशीं सदोष जनुक असेल, तर त्याच्या बहिणीपाशींहि तें असण्याचा संभव निम्मा असतो. पण नवरा त्याच जनुकाचा वाहक असल्याखेरीज तिच्या मुलांस हा विकार सहसा होत नाहीं. परक्या घरीं दिल्यास हा धोका फारच थोडा. जवळच्या नात्यांत दिल्यास मात्र तो वाढतो, आणि नेमकें तेंच स्थळ ‘घरचें’ म्हणून डोळे मिटून ठरविलें जातें. तेव्हां जी गोष्ट मुलीच्या हितासाठीं लपविली, ती तिच्याच संसारावर उलटूं शकते. जनुकाची परीक्षा हल्लीं रक्ताच्या नमुन्यावरून होते, आणि घरांतील सदोष जनुक एकदां निश्चित झालें म्हणजे तिची तपासणीहि तशीच करतां येते.

आतां काय करावें? प्रथम मुलाचा विचार. श्वासाची अनियमितता वयाबरोबर बहुधा कमी होते. व्यायामोपचार व वाचोपचार जितके लौकर सुरू होतील तितकें बरें. कांहीं मुलें उशिरां कां होईना चालतात, बोलतात, शाळेंत जातात. कांहींस जन्मभर आधार लागतो. आणि लहान वयांत याविषयीं कोणीं भाकीत करूं नये. मात्र या विकारांत पुढें डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें व यकृत यांवर परिणाम होण्याचा संभव असतो. म्हणून दरवर्षीं त्यांची तपासणी झालीच पाहिजे. कोणत्याहि शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस विकाराचें नांव स्पष्ट सांगावें. अशा मुलांचा श्वास औषधानें अधिक मंदावूं शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं पालघर येथून सुरू झाला. त्याखालीं जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार यांची सोय आहे. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयांत त्याची चौकशी करावी. दुर्मिळ रोगांविषयींच्या २०२१ सालच्या राष्ट्रीय धोरणांत मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय हें एक विशेष केंद्र आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा आहे. प्रमाणपत्र घेण्यास कमीपणा मानूं नये, कारण अनेक सवलती त्यावरच अवलंबून असतात.

जनुकाच्या परीक्षेंतून सर्वांसच उत्तर मिळतें असें नाहीं. कित्येक अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ एवढेंच लिहून येतें. तो कागद टाकून देऊं नये. शास्त्र पुढें जातें, आणि जुन्याच अहवालाचा कांहीं वर्षांनीं नवा अर्थ लागतो. उत्तर मिळाल्यास मात्र पुढील गर्भाची परीक्षा अकराव्या आठवड्याच्या सुमारास होऊं शकते. तीवरून काय ठरवावयाचें तें त्या दोघांनीं ठरवावें. सासूसासऱ्यांनीं किंवा आमच्यासारख्या लेखकांनीं नव्हे.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथेंच आहे. एका काकानें कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी. पुण्यामुंबईच्या खेपेस आईबरोबर कोणी तरी जावें. एखाद्या जावेनें आठवड्यांतून दोन रात्री मुलास आपल्याजवळ घ्यावें, म्हणजे आईस झोंप मिळेल. सिद्धेश्वरास नवस बोलण्यास आमची हरकत नाहीं. नवसापायीं तपासणीची तारीख मात्र चुकूं नये. आणि गड्ड्याच्या यात्रेस पाहुणे आले, तर त्या मुलास आंतल्या खोलींत नेऊं नये. माजघरांत सर्व मुलें बसतात तेथेंच त्याचीहि सतरंजी घालावी, आणि कोणीं विचारल्यास त्याचें नांव सांगावें. रोगाचें नांव मागाहून.