कवितेतला निवडुंग, कुंडीतला निवडुंग

कवितेत निवडुंग दिसला की वैराण, एकाकी मन असा अर्थ आम्ही अध्यापकमंडळी वर्गात बेधडक सांगून टाकतो. श्रीरामपुरात काही वर्षे निवडुंग वाढविल्यावर आम्हांस त्या अर्थाचा संकोच वाटू लागला आहे.

मुळात निवडुंग कोणता? बांधावरचा, चीक गाळणारा तो युफोर्बियाच्या कुळातला. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. कॅक्टसचे काटे ज्या लवदार ठिपक्यांतून फुटतात, ते ठिपके युफोर्बियाला नसतातच. कुळे दोन, शब्द एक. आणि आमच्या समीक्षेला याची गंधवार्ता नाही.

प्रवरेच्या कालव्यांवरील या उसाच्या मुलखात कॅक्टस तहानेने नव्हे, पाण्याने मरतो. काळ्या मातीत मुळे कुजतात. म्हणून कुंडीत जाड वाळू आणि विटांचे तुकडे, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर. एकाकीपणाचे म्हणाल, तर तांबड्या गोळ्याचा जिम्नोकॅलिशियम पाहावा. अंगी हरितद्रव्य नसल्याने त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. ड्रॅगनफ्रूटच्या हिरव्या खोडावर कलम केले तरच तो जगतो.

आणि हौशी माणसे त्याची उपेक्षा कुठे करतात? उलट त्यांच्या लोभापायीच दुर्मिळ जाती रानातून उपटल्या जातात. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियासच्या रानातल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराने बंद केला, तो उगीच नव्हे. आम्ही तो बियांपासूनच वाढवतो. तीन पावसाळे झाले. रोपे अजून सुपारीएवढीही नाहीत.