थोडी जागा रिकामी ठेवा!

मे महिन्यात चार जुने मित्र आठवडाभर एकत्र राहणार असले, की त्यांच्यातल्या एकाला तरी आराखडे करण्याचा आजार असतोच. आमच्यातला हा रुग्ण ठाण्याला राहतो. गेल्या उन्हाळ्यात तो द्रोणागिरीला माझ्या घरी आला आणि चप्पल काढण्याआधी त्याने पिशवीतून एक कागद काढला. चार प्रती होत्या. वर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘निवांत सप्ताह – दैनिक कार्यक्रम’.

‘निवांत’ या शब्दाच्या बरोबर खाली पहाटे पावणेसहा ही वेळ पाहून माझ्या पोटात गोळा आला. पावणेसहाला द्रोणागिरी आरोहण. सव्वाआठला न्याहारी (पोहे). नऊ ते पावणेदहा गप्पा. हो, गप्पांनासुद्धा पंचेचाळीस मिनिटे नेमून दिली होती, आणि पुढे कंसात विषय : ‘कॉलेजच्या आठवणी’. मग पिरवाडीचा किनारा, करंज्याची देवी, चार ते पावणेपाच पक्षिनिरीक्षण आणि रात्री साडेनऊला ‘दिवसाचा आढावा’.

“अरे, पण यात आपण बसायचं कधी?” मी विचारले.

“नुसतं रिकामं बसायला मी ठाण्याहून आलो नाही!” तो म्हणाला.

या एका वाक्याशी मला आज भांडायचे आहे.

भांडण न्यायाने व्हावे म्हणून आधी त्याची बाजू सांगतो. ‘एकदा निवांत भेटू या’ असे आम्ही सहा वर्षे एकमेकांना नुसते म्हणत होतो. तारखा शेवटी त्यानेच ठरवल्या. म्हणून मुंबईचा मित्र भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरला, नाशिकचा मित्र सुट्टी काढून आला, आणि स्वतः ठाणेकर लोकलने आला. (१२ जानेवारी २०२४ ला ही गाडी उरणपर्यंत धावू लागली आणि ‘तुझं गाव फार लांब’ ही माझ्या पाहुण्यांची पिढीजात सबब संपली.) तेव्हा भेट ठरवायला कागद लागतो, हे मला मान्य आहे. भेट झाल्यावर तो कशाला लागतो, एवढेच मला कळत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही निमूटपणे डोंगर चढलो. लक्ष्मणासाठी मारुतीने द्रोणागिरी उचलून नेला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी आमच्याकडे कथा सांगतात. मला तर ही घाईच्या प्रवासाची आद्यकथा वाटते. सूर्योदयाच्या आत पोचायचे, त्यामुळे झाड ओळखायला वेळ नाही, म्हणून अख्खा डोंगर उचलायचा, आणि मग वाटेत सामान सांडणारच! मारुतीरायाला कारण तरी होते. वर पोर्तुगीजांच्या काळचे अवशेष आहेत. ते पाहायला आम्हाला वीस मिनिटे मिळाली. त्यातली बारा धाप टाकण्यात गेली.

दुसऱ्या दिवसापासून कागदाला शत्रू मिळाला. त्याचे नाव समुद्र. भरती आली, बाहेरचा चिखल पाण्याखाली गेला, की खाडीकाठचे पक्षी पाणजे गावाच्या पाणथळीवर विसाव्याला येतात. शेकाटे, बगळे, हंगामात रोहितसुद्धा. पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि कागदावरचे चार वाजणे जागचे हलत नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता ठाणेकर दुर्बीण लावून उभा, आणि समोर एक म्हैस!

“पक्षी उशीर करतायत,” तो गंभीरपणे म्हणाला.

त्या रात्री ‘दिवसाचा आढावा’ चालू असताना आम्ही तिघांनी बंड केले. वाटाघाटी झाल्या आणि साडेबारा टक्क्यांवर तडजोड झाली. उरणकराला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. १९७० पासून नव्या मुंबईसाठी इथल्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यात पाच जण गेले. दि. बा. पाटील यांनी लढवलेल्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आले. त्या पाच जणांपुढे आमची तक्रार म्हणजे पोरखेळ, पण हिशेबाची रीत तिथलीच. सात दिवस, रोज जागेपणीचे चौदा तास, एकूण अठ्ठ्याण्णव. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे बरोबर सव्वाबारा तास. ते आम्हाला परत मिळाले आणि आम्ही ते खाजणाच्या बांधावर घालवले.

काय केले? काही नाही. करवंदे खाल्ली. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, त्या पाहिल्या. एक माणूस पाग टाकत होता. दर वेळी जाळे फेकले की आम्ही चौघे मान उंच करायचो, जणू मासे आमच्याच घरी जाणार होते! तास-दीड तास असा गेला आणि मग नाशिकचा मित्र पाण्याकडे बघत म्हणाला, “मला हल्ली ऐकू कमी येतं रे. तुमच्या गप्पांत मी नुसता हसतो.”

तीन दिवस आमची पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटे वेळेवर पार पडली होती, आणि त्यात हा नुसता हसत होता! उठून आम्ही जागा बदलल्या. ठाणेकर मुकाट्याने त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन बसला. मग अंधार पडेपर्यंत बोललो.

रिकामा वेळ रिकामा नसतो, तो असा. आणि रिकामी जमीनही नसते. आम्ही बसलो होतो तसल्या पाणथळींकडे आराखडेवाला पाहतो, तेव्हा त्याला भूखंड दिसतात. पाणजे परिसराला विकास आराखड्यात सेक्टरांचे क्रमांक पडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजवल्याच्या तक्रारी झाल्या. पाणी थांबले, की पाखरे जातात. मग ‘इथे आहेच काय?’ असे म्हणायला आराखडेवाला मोकळा! आधी रिकामे करायचे आणि मग रिकामे दिसते म्हणून भराव घालायचा. माझा मित्र दिवसांत भराव घालतो, हे खाडीत घालतात. मित्राशी निदान रात्री साडेनऊला वाटाघाटी तरी करता येतात.

परवा त्याचा पुढच्या उन्हाळ्याचा कागद आला. वेळा त्याच, पोहेही तेच. फक्त एक ओळ नवीन : ‘भरतीच्या वेळेनुसार रोज दोन तास – काही नाही. (वेळेवर जमावे.)’

मी त्याला कळवले, “या. बांध अजून आहे. पण लौकर या.”